गोठवूनही भुंगेरे निघाले: सोलापुरातल्या एका सिगारपेटीचं प्रकरण

सिगार फ्रीझरमध्ये ठेवून झाल्या होत्या, आणि तरीही महिन्याभरानं पेटी उघडली तर आतून भुंगेरा उडाला. मला बोलावणं आलं ते या टप्प्यावर. माझं काम साठवणीतल्या किडींचं. डाळमिल, मसाल्याची गोदामं, पशुखाद्याचे कारखाने हे माझे नेहमीचे गिऱ्हाईक. सिगार हा माल माझ्याकडे पूर्वी कधी आला नव्हता. कीड मात्र जुन्या ओळखीची निघाली. हळकुंडात, लाल मिरचीत, धण्यात, सुंठेत जी सापडते तीच ही.

यजमानांचं नाव देत नाही, मालक म्हणू. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना, राहायला होटगी रोडला. दर जानेवारीत फ्रँकफर्टच्या हाइमटेक्सटील प्रदर्शनाला जायचं, तिथले खरेदीदार भेट म्हणून सिगार देतात, काही विमानतळावर स्वतः घेतात, अशा करत घरच्या ह्युमिडॉरमध्ये सत्तरेक सिगार जमलेल्या. ह्युमिडॉर म्हणजे आर्द्रता राखणारी लाकडी पेटी, आतून स्पॅनिश सीडरच्या फळ्या लावलेली. हे लाकूड कडुनिंबाच्या कुळातलं. त्याच्या वासानं कीड लागत नाही असं दुकानदार सांगतात. तंबाखूच्या भुंगेऱ्याला त्या वासाचं काही देणंघेणं नसतं, हे त्या पेटीतच दिसत होतं.

मे महिना होता. मालकांच्या अभ्यासिकेत एसी संध्याकाळी लागायचा, दिवसभर खोली ३५ अंशांच्या आसपास. पेटीत आर्द्रता ७० टक्के. मी तापमापक भिंतीवर धरून उभा राहिलो आणि मनात म्हटलं, प्रयोगशाळेत हा भुंगेरा वाढवायचा तर आम्ही यापेक्षा फार वेगळं काही करत नाही. लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी हे त्याचं शास्त्रीय नाव. त्याला सर्वांत मानवतं ते ३० ते ३२ अंश तापमान आणि सत्तरच्या आगेमागे आर्द्रता. अशा हवेत अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंतचा प्रवास पाच-सहा आठवड्यांत उरकतो. २० अंशांवर त्यालाच चार महिने लागतात. १७-१८ अंशांच्या खाली वाढ जवळजवळ थांबते, पण थांबते म्हणजे कीड मरते असं नाही, आणि या प्रकरणाचा सगळा घोळ याच फरकात आहे.

किडीबद्दल थोडं सांगतो, कारण पुढचे निर्णय त्यावरच अवलंबून आहेत. भुंगेरा दोन ते तीन मिलिमीटरचा, तांबूस तपकिरी, पाठीला पोक आणि डोकं खाली दुमडलेलं, त्यामुळे बाजूनं पाहिलं तर डोकं नाहीच असं वाटतं. हात लावला की पाय आखडून मेल्याचं सोंग घेतो. प्रौढ भुंगेरा फारसं खात नाही. आठवडे दोन-चार जगतो, संध्याकाळी उजेड मावळताना उडतो, जोडीदार शोधतो, अंडी घालतो. खाणारी ती अळी. पांढरट, केसाळ, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, जेमतेम चार मिलिमीटर. मादी शंभरापर्यंत अंडी घालते आणि एकेक अंडं अर्धा मिलिमीटरही नसतं. पानाच्या घडीत गेलं की नुसत्या डोळ्यांना दिसणं अशक्य. निकोटीनसारखं जहाल विष ही अळी पचवते कशी? तिच्या आतड्यालगतच्या पिशव्यांमध्ये यीस्टसारखी बुरशी वस्तीला असते. ती विषारी घटक निकामी करायला मदत करते, वर जीवनसत्त्वंही पुरवते. तुतनखामेनच्या थडग्यातल्या राळेतसुद्धा हे भुंगेरे सापडले होते. म्हणजे माणसाच्या कोठारात यांचा मुक्काम आजकालचा नव्हे.

चावत नाही, रोग पसरवत नाही. सिगारचं मात्र वाटोळं करते. अळी आतून लांबीच्या दिशेनं पोखरत जाते, कोषातून निघालेला भुंगेरा बाहेर पडताना वरच्या पानाला टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक पाडतो, आणि अशी सिगार ओढताना हवा भोकातून शिरते, धूर येतच नाही. (तंबाखू कुठल्याही रूपात शरीराला घातकच, ओढावी की नाही हा या लेखाचा विषय नाही.)

संशयित

घरात तीन मतं होती.

वहिनींचा संशय मावशींवर. मावशी सकाळी घरकामाला येतात, दुपारी आपल्या घरी विड्या वळतात. शहराच्या पूर्व भागातल्या हजारो बायका हेच करतात. तंबाखूचा घरोबा असलेलं माणूस घरात येतं, तेव्हा किडा त्यांच्याच पदराला लागून आला असणार, असा साधा हिशोब. मावशींसमोर कुणी काही बोललं नव्हतं, पण अभ्यासिका झाडायचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं होतं, आणि कारण त्यांना न सांगता कळलं होतं.

मी पांढऱ्या कागदावर एक सिगार ठकठक आपटली. बारीक तपकिरी भुसा पडला आणि त्यात एक भुंगेरा पाय आखडून. मावशी चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. त्यांनी वाकून पाहिलं, नखावर भुंगेरा उचलला.

"ह्ये तंबाखूतलं किडं हाय की. गोदामात पोत्यावर बसलेलं असतंय."

"तुमच्या घरी निघतं का मावशी?"

"आमच्या घरी कशाला निघंल? आज पान-तंबाखू आणायचं, उद्या विड्या वळून द्यायच्या. ठेवतंय कोण? आन् कारखान्यात भट्टीत घातल्यावर ह्याचा पत्ता राहत न्हाई."

या दोन वाक्यांत त्यांनी माझं अर्धं काम केलं. कीड लागायला माल एका जागी पडून राहावा लागतो. विडी कामगारांच्या घरात कारखान्याकडून मोजून मिळालेली तंबाखू एक-दोन दिवसांवर राहत नाही, आणि भुंगेऱ्याची एक पिढी व्हायला महिना-दीड महिना हवा. पदराला लागून एखादा भुंगेरा येऊ शकतो, नाही असं नाही. पण पेटीत जे दिसत होतं ते एखाद्या भुंगेऱ्याचं काम नव्हतं.

दुसरी गोष्ट भट्टीची. वळलेल्या विड्या कारखान्यात पाकिटात भरण्याआधी शेकून काढतात. हेतू ओल काढण्याचा, पण ५५-६० अंशांच्या वर काही तास राहिलेल्या मालात कुठल्याच अवस्थेतली कीड तग धरत नाही. सोलापूरनं तंबाखूच्या भुंगेऱ्यावरचा इलाज केव्हापासून उष्णतेनं केलेला आहे. सिगारला तो चालत नाही, कारण शेकली की तिचं पान चिरतं आणि ज्या तेलकट ओलाव्यासाठी माणूस एवढे पैसे मोजतो तोच उडून जातो. म्हणून तिच्यासाठी उलट दिशेनं जायचं, थंडीकडे.

दुसरं मत थोरल्या चिरंजीवांचं: स्वयंपाकघर. मे महिन्यात काळ्या मसाल्याची तयारी चाललेली, मिरची आणि धणे आणून ठेवलेले, आणि गेल्या वर्षीच्या धण्यांच्या डब्यात खरोखरच तपकिरी भुंगेरे फिरत होते. पाहणाऱ्याला वाटावं, सापडला चोर. दहा पट भिंगाखाली दोन्हीकडचे भुंगेरे शेजारी ठेवले आणि फरक उघड झाला. सिगारमधल्या भुंगेऱ्याची पाठ गुळगुळीत, मिशा शेवटपर्यंत करवतीच्या दात्यांसारख्या. धण्यातल्याच्या पंखांवर लांबीत ओळी कोरलेल्या, मिशांच्या टोकाला तीन मोठ्या मण्यांची गाठ. तो स्टेगोबियम पॅनिसियम, औषधांच्या आणि मसाल्यांच्या दुकानातला नेहमीचा किडा. दोघे चुलतभाऊ म्हणावेत इतके जवळचे, नुसत्या डोळ्यांनी एकच वाटतात. पण एकाची अळी वाढून दुसरा होत नाही. धणे टाकून द्यायचेच होते, सिगारच्या खटल्यातून मात्र त्यांची सुटका झाली.

तिसरं मत मालकांचं: सिगार मुळातच किडकी आली. हे मत चुकीचं नसतं. सिगारच्या पानात अंडी शेतातून नाही तर वखारीतून येतात. पान सुकवून, आंबवून, गठ्ठ्यात महिनोन्‌महिने मुरत पडतं, आणि त्या काळात मादीला हवी ती संधी मिळते. म्हणूनच मोठे उत्पादक आता तयार माल निर्यातीआधी गोठवून काढतात. क्युबातही हाच रिवाज आहे. पण मालकांच्या पेटीतल्या बहुतेक सिगार अशा मोठ्या ठिकाणच्याच होत्या. मी एकेक सिगार काढून भोकं, भुसा, मेलेले भुंगेरे यांची नोंद करत गेलो. वरच्या कप्प्यातल्या महागड्या सिगारवर तुरळक भोकं. खालच्या कप्प्यात कोपऱ्यात एक सुतळीनं बांधलेली जुडी होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. उलगडली आणि भुसा टेबलभर झाला.

ते चिरूट होते. दिंडीगूलकडचे, हातानं वळलेले. कोइम्बतूरच्या सुताच्या व्यापाऱ्यानं हौसेनं आणून दिलेले. त्रिची-दिंडीगूल पट्ट्यातला चिरूट एके काळी इंग्लंडपर्यंत जायचा, आणि आजही तो वळणारे हात तिथं आहेत. माल वाईट नव्हता. पण गोठवून किंवा धुरी देऊन आलेला नव्हता, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात ७० टक्के आर्द्रतेच्या पेटीत त्याला जागा मिळाली होती. जुडीत सगळ्या अवस्था एकत्र होत्या: लहान अळ्या, मोठ्या अळ्या, कोष, जिवंत भुंगेरे, वाळलेले भुंगेरे. किमान दोन पिढ्या इथं नांदल्या होत्या. वरच्या सिगारवरची भोकं ताजी आणि मोजकी, म्हणजे वस्ती इथून वर सरकली होती. मावशींना अभ्यासिका झाडायचं काम त्याच दिवशी परत मिळालं. वहिनी त्यांच्याशी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, आणि विचारण्याचं कारणही नव्हतं.

आधीचं गोठवणं का फसलं

मी येण्याच्या महिनाभर आधी चिरंजीवांनी इंटरनेटवर वाचून इलाज केला होता. इलाज बरोबर होता, अंमलबजावणीत तीन गोष्टी आड आल्या.

सिगारची लाकडी पेटी जशीच्या तशी, वर ओल लागू नये म्हणून जाड टॉवेलात गुंडाळून, घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात रात्रभर ठेवली. टॉवेल अर्थातच स्वतःच्या कारखान्याचा, भरगच्च विणीचा. टेरी कापडाच्या फासांमध्ये हवा अडकलेली असते. तिच्यामुळेच अंघोळीनंतर अंगाभोवती गुंडाळला की ऊब राहते. इथं त्यानं ती ऊब किड्यांना दिली.

त्याखाली लाकूड, लाकडाखाली सीडरचा पातळ पत्रा, मग दाटीनं रचलेल्या सिगार. तंबाखू स्वतःच उष्णतेची वाईट वाहक. एकटी सिगार उघडी ठेवली तर तासा-दोन तासांत गाभ्यापर्यंत थंड होते. भरलेली पेटी गुंडाळून ठेवली की हा हिशोब पार बदलतो.

आणि तिसरी अडचण खुद्द फ्रीझरची. दार उघडून आत दिसणारा एकदारी फ्रीजचा बर्फाचा कप्पा बर्फ जमवतो, म्हणून तो उणे १८ वर आहे असं लोक धरून चालतात. बर्फ जमायला शून्याच्या थोडं खाली पुरतं. मालकांच्या घरचा फ्रीज दोनदारी, फ्रॉस्ट-फ्री होता, तो बरा; पण त्यात बर्फ साचू नये म्हणून ठरावीक वेळानं आतला हीटर चालतो आणि तेवढा वेळ कप्प्यातलं तापमान वर जातं. शिवाय उन्हाळ्यातली वीज. त्या रात्री दोन वेळा गेल्याचं वहिनींना आठवत होतं.

अंदाजावर राहायचं नव्हतं. किडक्या चिरुटांनीच एक रिकामी पेटी भरली, मधोमध वायरवाल्या डिजिटल तापमापकाचं टोक खोचलं, तसाच टॉवेल गुंडाळला आणि त्याच कप्प्यात ठेवली. सकाळी कप्प्याच्या हवेचं तापमान उणे १५ होतं; पेटीच्या गाभ्यात उणे २. चिरंजीव आकडा बघून हसले, मग म्हणाले, "म्हणजे सर, त्यांना मी नुसतं महाबळेश्वरला नेऊन आणलं."

बरोबरच होतं. बाहेरच्या बाजूचे काही भुंगेरे मेले असतील, म्हणूनच पहिल्या आठवड्यात पेटी शांत वाटली. गाभ्यातल्या अळ्या सुस्तावल्या, खोलीच्या ३५ अंशांत परत आल्यावर जाग्या झाल्या आणि उरलेलं काम पूर्ण करून बाहेर पडल्या.

या मधल्या काळात घरात आणखी सल्ले आले होते. एकानं मायक्रोवेव्ह सुचवला. तिथं उष्णता असमान लागते. एका टोकाला पान करपतं आणि दुसऱ्या टोकाची अळी सुखरूप राहते. दुसरा सल्ला जास्त गंभीर. धान्याच्या गोदामाचं काम करणाऱ्या एकानं 'दोन गोळ्या टाकून पेटी बंद करा' म्हणून अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईड देऊ केलं होतं. ती गोळी हवेतल्या ओलाव्यानं फॉस्फीन वायू सोडते. तंबाखूच्या वखारीत तो वापरतात हे खरं, पण बंदिस्त ताडपत्रीखाली, वायू मोजणाऱ्या यंत्रासह, प्रशिक्षित माणसाकडून. राहत्या घरात, बेडरूमला लागून असलेल्या खोलीत ही गोळी उघडणं म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळ. आपल्याकडे तिच्या विक्रीवर आणि वापरावर निर्बंध आहेत ते उगाच नाहीत. मी मालकांना एवढंच सांगितलं की ती डबी घरात आली असेल तर ती परत जाईपर्यंत मी बाकी कामाला हात लावणार नाही. ती आलेली नव्हती.

पुन्हा, नीट

मालकांच्या मेहुण्यांची आइस्क्रीमची एजन्सी आहे. त्यांच्या गोदामात वरून झाकणाचे मोठे डीप फ्रीझर, उणे २० ते २२ वर चालणारे. असे आडवे फ्रीझर वीज गेली तरी, झाकण न उघडता, बरेच तास थंडी धरून ठेवतात. थंड हवा जड असते, ती वर येऊन सांडत नाही. एक फ्रीझर आठवड्यासाठी मोकळा करून मिळाला. शीतगृहाचाही पर्याय मालकांनी काढला होता, पण फळांच्या शीतगृहात शून्याच्या थोडंसं वर तापमान असतं. द्राक्षाला ते योग्य, आपल्या कामाला निरुपयोगी.

सिगार आधी वेगळ्या केल्या. भोक असलेल्या एका ढिगात, निर्दोष दुसऱ्यात. पण गोठवायच्या सगळ्याच, कारण निर्दोष दिसणारीत अंडी नाहीत असं कुणीच सांगू शकत नाही. पेट्यांमधून काढून दहा-दहाच्या एका थरात जाड झिप पिशवीत घातल्या, हातानं हलकेच दाबून हवा काढली, आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. व्हॅक्यूम मशीन वापरायचं नाही, सिगार चेपते. दुहेरी पिशवी दोन कारणांसाठी: तंबाखू आजूबाजूचा वास ओढून घेते आणि व्हॅनिला-आंब्याच्या वासाची सिगार मालकांना नको होती, आणि दुसरं कारण ओल, त्याबद्दल खाली. आर्द्रतेच्या पुड्या, म्हणजे पेटीतली आर्द्रता ठरावीक टक्क्यावर धरून ठेवणाऱ्या, काढून ठेवल्या.

गोठवण्याआधी सिगार फार ओलसर नसाव्यात. ६५ टक्क्यांच्या आसपास मुरलेल्या सिगारमध्ये जे पाणी असतं ते पानाच्या तंतूंना धरून असतं, त्याचे बर्फाचे स्फटिक होत नाहीत, म्हणून पान फाटत नाही. ७५ टक्क्यांवर फुगलेल्या सिगारचं तसं नसतं. पेटीतला काटा सत्तर दाखवत होता. तो खरा का, ते पाहायला मिठाची चाचणी केली: बंद डब्यात झाकणभर ओलसर मीठ आणि शेजारी आर्द्रतामापक, काही तासांनी तो ७५ वर यायला हवा. आला ७१ वर. म्हणजे पेटी प्रत्यक्षात चौऱ्याहत्तरच्या घरात होती. पिशव्या भरण्याआधी सिगार आठवडाभर ६२ टक्क्यांच्या पुडीबरोबर डब्यात ठेवून थोड्या उतरवल्या. खोलीत नाही, चालू एसीखाली, नाहीतर तेवढ्या आठवड्यात किड्यांनी आणखी मजल मारली असती.

मग एक दिवस साध्या फ्रीजमध्ये, ४ अंशांवर, आणि तिथून डीप फ्रीझरमध्ये. या मधल्या पायरीवर लोक फार भर देतात. माझं मत थोडं वेगळं आहे. ३५ वरून एकदम उणे २० वर नेलं तर पान आकसून चिरण्याची भीती असते, म्हणून एक दिवस ठीक. पण सावधगिरी म्हणून आठवडा-दोन आठवडे फ्रीजमध्ये ठेवणं किड्याच्या फायद्याचं आहे. हळूहळू थंडीची सवय झालेली अळी जास्त कणखर होते. एक दिवस पुरे.

उणे १८ किंवा त्याखाली, गाभा त्या तापमानाला पोचल्यापासून किमान तीन दिवस, हा सर्वमान्य हिशोब. मी पाच दिवस धरले. एका पिशवीत तापमापकाचं टोक सिगारच्या मधोमध होतं. मोजणी सुरू झाली ती त्यानं उणे १८ दाखवल्यावर, पिशवी आत ठेवल्यापासून नव्हे. एजन्सीतल्या पोरांना सांगून फ्रीझरच्या झाकणावर कागद चिकटवला: 'उघडू नये, मालकांचा माल.' पोरांनी त्यात आइस्क्रीमचा कुठला नवा प्रकार आहे याच्या चर्चा केल्या म्हणे.

बाहेर काढणं हे खरं नाजूक काम, आणि बहुतेक नुकसान इथंच होतं. थंड वस्तू उबदार हवेत आली की हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. सोलापूरचा मे कोरडा, म्हणून दव पडणार नाही असं वाटतं. पण ३५ अंश आणि ३० टक्के आर्द्रतेच्या हवेतसुद्धा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी व्हायला लागतं ते, १५ अंशांच्या जवळ येतो. ४ अंशांवरची सिगार उघडी ठेवली तर ती ओली होणारच. पावसाळ्यात २७ अंश आणि ८५ टक्क्यांना तोच दवबिंदू २४ च्या वर. म्हणून उलट क्रम: डीप फ्रीझरमधून बर्फाच्या पेटीत घालून घरी, एक दिवस फ्रीजमध्ये, मग एसीच्या खोलीत आणखी दिवसभर, आणि या सगळ्या वेळात पिशवी उघडायची नाही. पाणी बाहेरच्या पिशवीवर जमलं, टॉवेलनं पुसून घेतलं. टॉवेल या वेळी योग्य कामाला आला. पिशवी हाताला खोलीइतकीच उबदार लागली तेव्हाच उघडली.

दोन सिगारचं वरचं पान टोकाशी चिरलं. दोन्ही जाड अंगाच्या होत्या, बहुधा आतून ओलसर राहिलेल्या. बाकीच्या ठीक.

साक्षीच्या बरण्या

मेले का, हे विचारून कळत नाही. म्हणून जुडीतले काही चिरूट, ज्यांत अळ्या आहेत हे पक्कं ठाऊक होतं, सिगारच्या पिशव्यांबरोबरच गोठवले होते. तेवढेच चिरूट न गोठवता मागे ठेवले होते. दोन काचेच्या बरण्या, तोंडावर दुहेरी मलमल घट्ट बांधलेली, दोन्ही माझ्या कामाच्या खोलीत एकाच फळीवर. न गोठवलेल्या बरणीत तिसऱ्या आठवड्यापर्यंत भुंगेरे मलमलीला आतून चिकटलेले दिसू लागले. गोठवलेल्या बरणीत दोन महिने काही हललं नाही. शेवटी चिरूट उभे चिरून पाहिले, आत तपकिरी पडलेल्या, आकसलेल्या अळ्या. बरण्यांचा निकाल लागेपर्यंत मालकांनी एकही सिगार जुन्या पेटीत ठेवायची नाही असं ठरलं होतं, आणि त्यांनी ते पाळलं, कुरकुरत.

न गोठवलेली बरणी नंतर डीप फ्रीझरमधून काढूनच कचऱ्यात गेली. किडका माल सरळ कुंडीत टाकला तर भुंगेरे संध्याकाळी उडून परत यायला मोकळे. जुडीतल्या उरलेल्या चिरुटांचंही तेच केलं.

ह्युमिडॉरच्या फटींतली घाण व्हॅक्यूम क्लीनरनं ओढली, फळ्या शुद्ध पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडानं पुसल्या. फवारा नाही, रॉकेल नाही, डांबराच्या गोळ्या नाहीत. लाकूड ते सगळं धरून ठेवतं आणि वर्षभर सिगारला देत राहतं. मग पेटी रिकामीच ठेवली. खायला काही नाही म्हटल्यावर फटीत राहिलेल्या अंड्यातून निघालेली अळी जगू शकत नाही. पेटीत, खोलीत आणि स्वयंपाकघरात एकेक गंधसापळा लावला. सेरिकॉर्निन नावाचा मादीचा गंध असलेला हा चिकट सापळा फक्त नर पकडतो, त्यामुळे त्यानं कीड संपत नाही. आहे की नाही तेवढं कळतं. अभ्यासिकेतल्या सापळ्यात पहिल्या पंधरवड्यात काही नर अडकले, पुढे पाटी कोरी राहिली. स्वयंपाकघरातल्या सापळ्यात एकही नाही, म्हणजे भिंगानं केलेला निवाडा टिकला.

मग प्रश्न उरला तापमानाचा. गोठवल्यानं त्या दिवशीची कीड मरते, सिगारला कसलंही कवच मिळत नाही. बाहेरून एक मादी आत शिरली की पहिल्यापासून सुरुवात. दिवसभर ३५ अंशांच्या खोलीत ह्युमिडॉर ठेवून सोलापुरात सिगार सांभाळता येणार नाहीत, हे मी मालकांना स्पष्ट सांगितलं. चोवीस तास एसी चालवण्यापेक्षा वाइन ठेवायचा छोटा कूलर स्वस्त पडतो. तो १७ अंशांवर लावला, सिगार आत घट्ट झाकणाच्या डब्यांत, ६५ टक्क्यांच्या पुड्यांसह. शोभेचा ह्युमिडॉर आता टेबलावर असतो, पाहुण्यांसाठी आठवड्याच्या चार सिगार ठेवायला.

चवीत फरक पडला का, असं मला पुष्कळ जण विचारतात. मी ओढत नाही. मालक म्हणतात, पहिला महिनाभर थोडी बोथट वाटली, नंतर पूर्ववत. त्यांच्या फ्रँकफर्टच्या एका खरेदीदाराला न सांगता दिली, त्याच्या काही लक्षात आलं नाही.

दिवाळीच्या आधी कोइम्बतूरचे व्यापारी पुन्हा येऊन गेले, पुन्हा चिरुटांची जुडी घेऊन. ती वर्तमानपत्रासकट पिशवीत घालून मेहुण्यांच्या गोदामात रवाना झाली. वहिनींनी त्याच पिशवीबरोबर नव्या धण्यांची एक-एक किलोची पाकिटं पाठवली. स्टेगोबियमलाही हाच इलाज लागू पडतो, फक्त धण्यांचं पाकीट जाड नको, चपटं असावं.